पर्सनॅलिटी टेस्ट भरून झाली, आता मुलांची ध्येयं कशी ठरवायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ज्युनिअर कॉलेजात शिकवणाऱ्या एका मॅडमनी अकरावीच्या वर्गाकडून पर्सनॅलिटी टेस्ट भरून घेतली, आणि निकाल बघून प्रत्येकाने स्वतःची तीन ध्येयं लिहायची असं सांगितलं. तर सगळ्यांच्या कागदावर जवळजवळ तेच आलं, आत्मविश्वास वाढवणे, वेळेचं नियोजन करणे, मोबाईल कमी वापरणे. महिन्याभराने विचारलं तर निम्म्या मुलांना आपण काय लिहिलं होतं तेच आठवेना. मॅडमचं म्हणणं, टेस्टच चुकीची निवडली का, की मुलं सिरीयस नाहीत? आणि यात पालकांचं काय करायचं?

मॅडम, मला यातलं एकही कारण वाटत नाही. मी कराड-सांगली भागात सतरा वर्षं शाळा आणि ज्युनिअर कॉलेजात समुपदेशक म्हणून काम करतेय, आणि पहिली तीन-चार वर्षं माझ्याकडेही अगदी असेच कागद जमायचे. मधली एक पायरी राहून जाते. स्कोअर आला की मूल थेट ध्येयावर उडी मारतं, आणि उडी मारताना जे शब्द हाताशी असतात ते म्हणजे घरी आणि शाळेत हजारदा ऐकलेले, आत्मविश्वास, नियोजन, मोबाईल. ते त्याचे शब्द नसतातच. स्कोअर आणि ध्येय यांच्या मध्ये त्या मुलाच्या आयुष्यातला एखादा खराखुरा प्रसंग यायला पाहिजे, गेल्या आठ-पंधरा दिवसांतला, जागा-वेळ-माणसं सांगता येतील असा. प्रसंग नसेल तर मी ध्येय लिहूच देत नाही.

हे मला कसं समजलं ते सांगते. एक मुलगा होता, अकरावी सायन्सचा, गावातनं एसटीने यायचा. टेस्टमधे शिस्त आणि नेटकेपणा मोजणारा जो भाग असतो त्यात त्याला २० पैकी ७ आले. कागद घेऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, बघा, मी आळशी हाय हे आता टेस्टमधीबी आलं." चेहऱ्यावर असं होतं की निकाल लागला, विषय संपला. मी सहज विचारलं सकाळी किती वाजता उठतोस, तर म्हणाला साडेचारला. का? तर दोन म्हशींची धार काढायची आणि दूध डेअरीला घालायचं. किती वर्षं घालतोयस? "सातवीपास्नं." कधी चुकलंय का? तो माझ्याकडं बघतच राहिला, म्हणाला, "चुकून कसं चालंल मॅडम, गाडी थांबती व्हय?"

आता हा मुलगा आळशी? चार वर्षं एक दिवस न चुकता पहाटे उठणारं पोर. त्याचा स्कोअर कमी का आला ते मग आम्ही दोघांनी प्रश्न परत वाचून शोधलं. मी जी छोटी टेस्ट वापरते तिच्यात या गुणासाठी चारच वाक्यं आहेत, कामं लगेच उरकतो, वस्तू जागेवर ठेवायला विसरतो, नीटनेटकेपणा आवडतो, पसारा करतो, साधारण अशी. दप्तर आणि वह्यांचा पसारा असायचा हे खरं, म्हणून त्याने प्रामाणिकपणे तसं लिहिलं. पण बाहेरून कुणीतरी वाट बघत असेल, ठरलेली वेळ असेल, तर तो घड्याळासारखा चालतो हे त्या चार वाक्यांत येणारच नव्हतं. मग ध्येय काय निघालं? 'वेळेचं नियोजन' नाही. त्याने लिहिलं की डेअरीवरनं आल्यावर चहा व्हायच्या आधी फिजिक्सची दोन गणितं सोडवायची आणि वहीचा फोटो मित्राला पाठवायचा, सात वाजायच्या आत. म्हणजे दुधाची गाडी जशी थांबत नाही तसा मित्र थांबणार नाही. ही कल्पना त्याची, माझी नाही. आणि स्कोअर ७ आहे हे त्याला कळलं नसतं तर आम्ही या गप्पेपर्यंत पोचलोही नसतो, म्हणून टेस्ट फुकट गेली असं मी म्हणणार नाही.

आता टेस्टबद्दल, कारण तुम्ही कुठली वापरली ते लिहिलं नाहीये. बऱ्याच ठिकाणी मुलं मोबाईलवर ती चार अक्षरांचा टाईप देणारी टेस्ट भरतात. ती मुळात मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या १९२१ सालच्या स्वभावप्रकारांच्या मांडणीवरून कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल मायर्स यांनी उभी केलेल्या पद्धतीतून आलेली. मुलांना ती फार आवडते कारण एक नाव मिळतं, एक ग्रुप मिळतो, स्टेटसला ठेवता येतं. माझी अडचण अशी की ती माणसाला या नाहीतर त्या खोक्यात टाकते, आणि बहुतेक माणसं मधेच कुठेतरी असतात, त्यामुळे काठावरचं मूल आज एका टाईपमधे आणि महिन्याने दुसऱ्या टाईपमधे जाऊ शकतं. आणि एकदा टाईप चिकटला की 'मी असाच आहे' हे वाक्य तयार होतं. ध्येय ठरवायच्या कामाला हे वाक्य मारक आहे.

मी पाच गुणांची पद्धत वापरते, ज्याला बिग फाईव्ह म्हणतात: नव्याची ओढ, शिस्त, बहिर्मुखता, जुळवून घेणं आणि भावनिक अस्वस्थता. यात टाईप नाही, प्रत्येक गुणाची पट्टी आहे आणि तुम्ही त्या पट्टीवर कुठेतरी असता. मानसशास्त्रज्ञ लुईस गोल्डबर्ग यांनी यासाठी हजारो वाक्यांचा साठा सगळ्यांसाठी मोफत खुला ठेवलाय, त्यातूनच २००६ मधे २० वाक्यांची छोटी टेस्ट निघाली, प्रत्येक गुणाला चार वाक्यं, स्कोअर ४ ते २०. वर्गात पंधरा मिनिटांत होते, पैसे पडत नाहीत.

पण मराठीत आणताना सांभाळा हं. मूळ वाक्यांत पार्टीचा उल्लेख आहे, पार्टीत वेगवेगळ्या लोकांशी बोलतो वगैरे. आमच्याकडची मुलं 'पार्टी' म्हणलं की एकतर हसतात किंवा कुठला पक्ष ते विचारतात, म्हणून मी 'लग्नात, जत्रेत, कार्यक्रमात' असं घालते. दुसरं म्हणजे २० पैकी ११ वाक्यं उलटी आहेत, म्हणजे तिथे ५ टाकलं तर १ धरायचा, ४ टाकले तर २. 'मला क्वचितच उदास वाटतं' अशा वाक्यावर निम्मा वर्ग गोंधळतो, क्वचितच वाचायचं राहतं आणि उदास तेवढं दिसतं. मी त्या तासाला बेरीज मुलांकडून करून घेत नाही, मीच घरी करते, आणि एखाद्याचा स्कोअर फारच टोकाचा दिसला तर आधी उलट्या वाक्यांत घोळ झालाय का ते तपासते. चार वाक्यांच्या बेरजेवर २-३ मार्कांचा फरक म्हणजे काहीच नाही, हे मुलांना आधीच सांगून टाका, नाहीतर १३ वाला १५ वाल्याकडे बघून झुरत बसतो. आणि तुम्ही जे भाषांतर कराल ते कुणी प्रमाणित केलेलं नसणार, म्हणून त्याचा उपयोग फक्त बोलणं सुरू करण्यापुरता, कुणाला निवडायला किंवा गाळायला अजिबात नाही.

निकाल वाटायच्या आधी एक तास मी वेगळाच घेते आणि तो कुणीही वगळू नये असं मला मनापासून वाटतं. बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्राच्या शिक्षकांनी १९४८ मधे आपल्या ३९ विद्यार्थ्यांना टेस्ट दिली आणि आठवड्याने प्रत्येकाला 'तुमचं व्यक्तिमत्त्व' म्हणून कागद दिला. मुलांनी तो कागद किती अचूक वाटला याला ५ पैकी सरासरी ४.२६ मार्क दिले. आणि सगळ्यांना एकच कागद दिलेला होता, त्यातली वाक्यं बरीचशी रस्त्यावर मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून घेतलेली. मी हे वर्गात करून घेते. सगळ्यांना बंद पाकिटात एकच मजकूर, 'तुम्ही बाहेरून शांत दिसता पण आतून काळजी करता, तुमच्यात न वापरलेली बरीच क्षमता आहे' अशा धर्तीचा. मार्क द्यायला सांगते, मग शेजाऱ्याशी पाकीट बदलायला सांगते. वर्गात जो आवाज होतो तो ऐकण्यासारखा असतो. त्यानंतर मुलं स्वतःचा खरा निकाल वाचताना जरा थांबून वाचतात, हे माझ्याबद्दलच आहे का कुणालाही लागू पडेल, असं. आणि मग माझा प्रश्न त्यांना आपोआप पटतो: हे खरं असेल तर गेल्या दोन आठवड्यांतला एक प्रसंग सांग. आणि याच्या उलटा जाणारा पण एक सांग.

तो उलटा प्रसंग फार महत्त्वाचा आहे. दूधवाल्या मुलाची डेअरी म्हणजे उलटा प्रसंगच होता. 'मी लाजाळू' म्हणणारी मुलगी मामाच्या लग्नात करवली म्हणून सगळ्या वऱ्हाडाला दटावत फिरलेली असते. 'मला राग आवरत नाही' म्हणणारा मुलगा आजोबांच्या आजारपणात दोन महिने त्यांच्या उशाशी बसलेला असतो. तिथे काय वेगळं होतं? कोण होतं सोबत, किती वाजले होते, पोटात काही होतं का, कुणी बघत होतं का? ध्येयाचं सामान इथेच पडलेलं असतं. मूल एका जागी जे करू शकतं ते दुसऱ्या जागी कसं नेता येईल, एवढाच मग प्रश्न उरतो, आणि तो 'आत्मविश्वास वाढवणे' पेक्षा कितीतरी सोपा आहे.

पुढचा प्रश्न, ध्येय कुणाचं आहे. एका मुलीने लिहिलं, 'मला सगळ्यांशी जास्त बोलायचंय.' बहिर्मुखतेचा स्कोअर कमी होता, आणि मला ते ध्येय वाचूनच शंका आली. विचारलं, कुणाला वाटतं तू जास्त बोलावंस? "आईला. पाहुणे आले की मी आत जाते म्हणून." आणि तुला काय पाहिजे? बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली केमिस्ट्रीत शंका असते, विचारावीशी वाटते, पण हात वर होत नाही, आणि मग तो धडा कच्चा राहतो तो राहतोच. बघा, हे तिचं ध्येय. पाहुण्यांचा याच्याशी काही संबंध नाही. आम्ही असं ठरवलं की पहिले दोन आठवडे शंका वहीच्या मागच्या पानावर लिहायची आणि तास संपल्यावर सर वर्गातनं निघताना दारात विचारायची, तिसऱ्या आठवड्यापासून आठवड्यातून एकदा बसल्या जागेवरनं. स्वभाव बदलायचा नाहीये, केमिस्ट्री पाहिजे म्हणून तेवढ्यापुरतं स्वभावाबाहेर पाऊल टाकायचंय. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ ब्रायन लिटल यांनी यावर खूप काम केलंय. ते स्वतः अंतर्मुख, पण शिकवायला उभे राहिले की अगदी उत्साहात, आणि लेक्चर झालं की कुठेतरी एकटं बसायला जागा शोधायचे, एका ठिकाणी तर स्वच्छतागृहात जाऊन बसायचे, असं त्यांनीच सांगितलंय. मी हे त्या मुलीला सांगितलं तेव्हा तिला हायसं वाटलेलं मला दिसलं, की थकवा येणं चूक नाही, नंतर एकटं बसायची सोय करून ठेवायची.

ध्येय कागदावर उतरवताना मी 'जेव्हा... तेव्हा' असंच लिहायला लावते. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचं १९९९ चं काम यावर प्रसिद्ध आहे, नुसता निश्चय करण्यापेक्षा कधी, कुठे, काय झाल्यावर मी काय करणार हे आधी ठरवलेलं असलं की ते हातून होण्याची शक्यता वाढते. 'अभ्यासात लक्ष देणार' हा निश्चय झाला. 'रात्री जेवणाचं ताट उचललं की फोन आईच्या खोलीत चार्जिंगला लावणार' हे ठरवणं झालं. पोस्टकार्डाएवढा कागद, एकच वाक्य, खाली तारीख. तीन ध्येयं नकोच, तुमच्याकडे गडबड झाली त्याचं एक कारण हेही असणार. एक ठेवा. आणि त्याच्याखाली मी अजून एक ओळ लिहायला लावते, 'हे कशामुळे बारगळू शकतं'. मुलांना ते बरोबर माहीत असतं! पाहुणे, लाईट जाणं, मॅच, भावाशी भांडण. मग त्यातल्या एकाची सोय तिथल्या तिथे करायची.

आता एक गोष्ट जी मला वाटतं शिक्षकांनी सगळ्यात गंभीरपणे घ्यावी. मानसशास्त्रज्ञ नॅथन हडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मधे कॉलेजच्या मुलांवरचा एक अभ्यास छापला, १५ आठवडे मुलांनी आपल्याला जो गुण बदलायचाय त्यासाठी दर आठवड्याला छोटी छोटी आव्हानं घ्यायची. ज्यांनी आव्हानं पूर्ण केली त्यांच्यात हव्या त्या दिशेने बदल दिसला. पण ज्यांनी नुसती आव्हानं स्वीकारली आणि केली नाहीत त्यांना फायदा तर नाहीच, काही बाबतीत उलटाच परिणाम झाला. म्हणजे ध्येय लिहून घ्यायचं आणि नंतर कुणी विचारायचंच नाही, याने फक्त वेळ वाया जातो असं नाही, मूल 'मला जमत नाही' हा अजून एक पुरावा गोळा करतं. म्हणून मी सांगते की पाठपुरावा करायला वेळ नसेल तर ध्येय लिहून घेऊ नका. खरंच नका घेऊ. आव्हान एवढं लहान ठेवा की पहिल्या आठवड्यात होणारच, जमलं की वाढवा.

पाठपुरावा म्हणजे फार काही नाही. मी जोड्या लावते, आणि जोडी मुलांना स्वतः निवडू देते. दर शनिवारी दहा मिनिटं, एकमेकांना तीनच प्रश्न: किती वेळा झालं, कुठे अडलं, पुढच्या आठवड्यात कार्डावरचं काय बदलायचं. अडलं तर कार्ड खोडायचं आणि नवीन लिहायचं, त्यात कमीपणा नाही. मी फक्त फेरी मारते आणि कान उघडे ठेवते. दुधाच्या मुलाचं कार्ड दुसऱ्याच आठवड्यात बदललं, कारण मित्र सातपर्यंत झोपलेला असायचा, मग फोटो थोरल्या बहिणीला जायला लागला, ती पुण्यात नर्सिंग करते आणि पहाटेच्या ड्युटीला जाताना बघायची. ते मात्र टिकलं.

भावनिक अस्वस्थतेच्या स्कोअरबद्दल स्वतंत्र सांगते. तो वर्गात उघडा करू नका, बाकीचे चार पण भिंतीवर किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नकोत, पण हा तर नाहीच. यावरून ध्येय ठरवायचं असेल तर ते मुलाने एकट्याने तुमच्यापाशी बसून ठरवावं. बरेचदा वरचा स्कोअर म्हणजे परीक्षेआधी पोटात गोळा येणं, झोप नीट न लागणं असंच असतं, आणि तिथे झोपेची वेळ, श्वास, पेपरच्या आदल्या रात्री कुणाशी बोलायचं नाही, अशी साधी कार्डं चालतात. पण बोलताना जगण्याचा कंटाळा, स्वतःला इजा, घरातली मारहाण, असलं काही आलं तर ध्येयबिय बाजूला ठेवायचं. मुलाला एकटं सोडायचं नाही, कॉलेजच्या समुपदेशकाला आणि विश्वासातल्या मोठ्या माणसाला लगेच सामील करायचं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलतात. मी तो टेस्टच्या कागदावर खाली छापूनच ठेवते, म्हणजे कुणा एकाला वेगळा द्यावा लागत नाही.

पालकांचं काय करायचं हेही तुम्ही विचारलंय. २०१६ पासून काही वर्षं बोर्डाने दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली होती, तेव्हाचा अनुभव सांगते. रिपोर्टवर कल 'तांत्रिक' आला की बाप दुसऱ्या दिवशी विचारायला हजर, डिप्लोमाला घालू का. 'ललित कला' आला की घरात सुतक. कल म्हणजे आवड कुठे झुकतेय एवढंच, आणि पाच गुणांची टेस्ट तर तेही सांगत नाही, करिअर तर नाहीच नाही. म्हणून मी पालकांना स्कोअर दाखवत नाही. मूल तयार असेल तर त्याचं कार्ड दाखवते, आणि त्यांच्याकडून एकच मागते, 'जेव्हा' वाला भाग घडायला मदत करा. ताट उचलल्यावर आईने चार्जर रिकामा ठेवायचा. बस. तुम्ही त्याला 'बघ, टेस्टमधे पण आलंय तू असा आहेस' असं एकदाही म्हणायचं नाही, हे मी त्यांच्याकडून अक्षरशः कबूल करून घेते, कारण चौदा-पंधराच्या आसपास शिस्त बऱ्याच मुलांची घसरते आणि पुढे वाढत्या वयात परत सावरते, आणि त्या घसरणीच्या दिवसातला आकडा जन्मभर तोंडावर फेकला जाऊ नये.

तुमचं वर्ष सुरू आहे आणि टेस्ट आधीच झालीय, तर परत भरून घेऊ नका. आहेत ते कागद परत वाटा, एक तास फोररच्या पाकिटांना, एक तास दोन प्रसंगांना, सरळ आणि उलटा, आणि तिसऱ्या तासाला कार्ड. मोठ्या वर्गात प्रत्येकाशी बसणं शक्य नाही हे मला माहिती आहे, म्हणून प्रसंग आधी जोडीत सांगू द्या आणि तुम्ही फक्त ज्यांना प्रसंगच सापडत नाही त्यांच्यापाशी बसा, ती सात-आठच असतात. त्यांना विचारा काल कॉलेज सुटल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंस, एसटीत कुठे बसलास इथपासून. दहा मिनिटांत काहीतरी सापडतंच. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या आठवड्यात कार्डं बाहेर काढा, सुट्टीत सगळ्यांचं सुटलेलं असतं, तेव्हा ओरडू नका, नवीन कार्ड द्या आणि तारीख घालायला सांगा.